भाकरीची पिशवी वेगळी, पावाची वेगळी: घरी शिवायच्या तीन पिशव्या

आमच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी तीन खुंट्या आहेत. पहिलीवर घरच्या पावाची पिशवी असते, दुसरीवर कडक भाकरीची आणि तिसरीवर जेवणाच्या वेळच्या गरम भाकरीची. तिन्ही पिशव्या सुती आहेत, घरच्या मशीनवर शिवलेल्या आहेत आणि त्यांचं कापड सोलापुरातच घेतलेलं आहे. लांबून तिन्ही सारख्या दिसतात, पण एकीचं काम दुसरी करत नाही. हे उमगायला मला दोन पावसाळे लागले.

पहिली पिशवी मी पावासाठी शिवली ती ऑगस्टमध्ये. कणकेचा पाव संध्याकाळी भट्टीतून काढला, थोडा कोमट असतानाच पिशवीत घालून नाडी ओढली आणि झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर बुडाला हिरवट ठिपके. मग त्याच पिशवीत कडक भाकरी ठेवून पाहिली, तर रात्रीपर्यंत ती वातड. दोष पिशवीचा आहे असं वाटलं होतं. खरा दोष माझ्या समजुतीत होता. पावाला स्वतःचा ओलावा हळूहळू बाहेर सोडायचा असतो. कडक भाकरी बाहेरचा ओलावा ओढून घेते, तो अडवायचा असतो. गरम भाकरीची वाफ टिपून घ्यायची असते, पण भाकरी मात्र वाळू द्यायची नसते. पिशवी शिवायला घेण्याआधी आत काय राहणार हे ठरवा. कापड, पदर आणि आकार त्यावरूनच ठरतात.

कापड निवडताना

सोलापुरात कापडाला तोटा नाही. पूर्व भागातल्या गल्ल्यांतून जाताना आजही मागांचा खडखडाट कानावर येतो, आणि इथली चादर व टर्किश टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे चाटी गल्लीत किंवा मागवाल्याकडे गेलात की दुकानदार आधी चादर दाखवणार. आपल्याला हवा आहे कोरा मांजरपाट. म्हणजे न धुवट केलेलं, न रंगवलेलं, पिवळसर पांढरं सुती कापड, ज्यात कपाशीच्या बोंडाचे बारीक काळपट ठिपके दिसतात. ते ठिपके पाहून कापड नाकारू नका. कापडावर रासायनिक धुवट झालेली नाही याची ती खूण आहे.

कापड उजेडासमोर धरा. बोटांची सावली अंधूक दिसली पाहिजे, पण बोटं मोजता येता कामा नयेत. मोजता आली तर ते फार विरळ, त्यात पाव एका दिवसात दगड होईल. मलमल म्हणूनच पावाला चालत नाही. उलट कॅनव्हास इतका दाट असतो की घरच्या मशीनला झेपत नाही आणि धुतल्यावर लवकर वाळतही नाही. मांजरपाट आणि त्याहून थोडी जाड दोसुती, या दोनच कापडांत आपलं सगळं काम होतं.

कापड शंभर टक्के सुती आहे का, हे दुकानात विचारून पुरत नाही. काठाचे दोनचार धागे ओढून घ्या आणि घरी चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि बोटांत चुरडली जाणारी मऊ राख उरते. धागा आकसून वितळला आणि टोकाला कडक मणी तयार झाला, तर त्यात पॉलिस्टर आहे. पॉलिस्टर ओलावा टिपत नाही. वाफेचं पाणी होऊन ते पावाच्या सालीलाच चिकटून राहतं.

आतल्या पदराला सगळ्यात चांगलं कापड विकत मिळत नाही, ते घरातच असतं. जुनं धोतर. वर्षानुवर्षं धुऊन त्यातली खळ कधीच गेलेली असते, सूत मऊ झालेलं असतं आणि भाकरीच्या पापुद्र्याला ते ओरखडत नाही. सासूबाईंनी पेटीतून मामंजींचं एक धोतर काढून दिलं, तेव्हा माझा हात कात्रीकडे जाईना. त्याच म्हणाल्या, "घडी करून ठिवलं तर कसर लागंल. भाकरीला लागू दे." त्या एका धोतरातून सात पिशव्यांचे आतले पदर निघाले.

जुनी सोलापुरी चादर वापरायची असेल तर ती फक्त बाहेरून लावा. चादरीचे रंग गडद असतात. पांढरं फडकं ओलं करून चादरीवर जोरात घासून पाहा, रंग उतरला तर ती पिशवीसाठी नको. छापील कापडही आतून लावू नये. आणि वर्तमानपत्राचा तर विचारही नको. खाण्याच्या वस्तू वर्तमानपत्रात बांधायला २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई केली आहे, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. तरीही प्रवासाला निघताना भाकरी पेपरात गुंडाळायची सवय आपल्याकडे अजून सुटलेली नाही.

खळ काढणं, हे टाळू नका

मागावर ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, तुटू नयेत म्हणून सुताला खळ लावतात. ती बहुधा पिठाची, म्हणजे स्टार्चची असते. कोरं कापड हाताला ताठ लागतं ते त्यामुळेच. खळ असलेलं कापड पाणी नीट टिपत नाही, दमट हवेत त्याला आंबूस वास येतो, आणि झुरळं व कसर यांना ते खाद्यच असतं. माझ्या शेजारच्या अक्कांचं अख्खं आयुष्य मागावर गेलं. माझं कापड हातात घेतल्याबरोबर त्या म्हणाल्या, "धुतल्याबगर कात्री लावू नको. दोन बोटं तरी आत जातंय हे."

त्यांचं ऐकलं नाही आणि पहिल्याच धुण्यात पिशवी इतकी आटली की पाव आडवा जाईना.

कापड रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी ते पाणी पिठूळ झालेलं दिसेल, ते ओतून द्या. मग बादलीभर कढत पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून त्यात कापड तासभर ठेवा, हाताने चोळा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. निर्मळ झालं की नाही हे पाहायला एक सोपी युक्ती आहे. कापडाचा छोटा तुकडा कापून त्यावर जखमेला लावायच्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. डाग निळा-काळा झाला तर खळ अजून आहे, पिवळट तपकिरी राहिला तर गेली. तो तुकडा मग फेकून द्या. कापड उन्हात वाळवा आणि थोडं दमट असतानाच कडक इस्त्री करा, म्हणजे उभा-आडवा धागा सरळ येतो.

हाताशी काय हवं

पायाचं किंवा विजेचं साधं सरळ टीप घालणारं मशीन पुरेसं आहे. मांजरपाटाला १४ नंबरची सुई, टॉवेलच्या जाड थरांना १६ नंबरची. टाका मध्यम ठेवा, इंचाला दहा-अकरा टाके. फार बारीक टाक्याने कापड चिमतं आणि उसवायची वेळ आली तर फाटतं. बाकी टेप, खडू, टाचण्या, धारेची कात्री, सेफ्टी पिन आणि नाडीसाठी सुती दोरी. दोरी नायलॉनची घेऊ नका, गाठ सुटते. मापं सगळी इंचात देते, कारण आपल्याकडचे टेप आणि आपले शिंपी दोघेही इंचातच बोलतात.

पहिली: पावाची पिशवी

घरचा साच्यातला पाव साधारण ८ इंच लांब, ४ रुंद आणि ४ उंच असतो. तुमचा साचा वेगळा असेल तर हिशेब असा करा. रुंदी अधिक उंची अधिक दीड इंच सैल, ही झाली तयार पिशवीची सपाट रुंदी. म्हणजे साडेनऊ. दोन्ही बाजूंना शिलाईचा अर्धा-अर्धा इंच धरून कापायची रुंदी साडेदहा. उंचीसाठी पावाची लांबी ८, बुडाचा अर्धा भाग २, वर आवळायला मोकळे ५, असे १५ इंच, आणि नेफ्यासाठी, म्हणजे नाडी ओवायच्या घडीसाठी, दीड. झाले साडेसोळा. कापड बुडाशी दुमडायचं आहे, म्हणून त्याची दुप्पट ३३ इंच. तेव्हा १०½ बाय ३३ इंचाचा एकच तुकडा लागतो. ३६ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, एक मीटर कापड घेतलंत, तर धुऊन आटल्यावरही त्यातून असे तीन तुकडे शेजारी-शेजारी निघतात.

लांबी नेहमी उभ्या, म्हणजे काठाला समांतर, धाग्यावर धरा. आडव्या धाग्यावर कापलेली पिशवी पावाच्या वजनाने खाली ओघळते.

१. तुकडा मधोमध दुमडा, सुलट बाजू बाहेर. हो, बाहेरच. दोन्ही कडांना वरून पावणेतीन इंचांवर खडूने खूण करा. बुडापासून या खुणेपर्यंत पाव इंचावर टीप घाला आणि शेवटी मागे-पुढे करून टाका पक्का करा.

२. कडेची दशी अर्ध्याहून कमी उरेल इतकी कातरा. खुणेपाशी आडवा छोटा काप द्या. पिशवी उलटी करा, म्हणजे आता सुलट बाजू आत आली. कडा नखाने दाबून, इस्त्री फिरवून, पुन्हा पाव इंचावर टीप घाला. पहिली शिलाई आता पूर्ण झाकली गेली. आतून-बाहेरून कुठेच दशी दिसत नाही. ही दुहेरी शिवण वेळ खाते, पण पावाच्या पिशवीला दुसरी शिवण घालूच नये असं माझं ठाम मत आहे. उघड्या दशीत पावाचे कण अडकतात, धुण्यात निघत नाहीत, आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

३. बुडाचे कोपरे. पिशवी उलटीच ठेवून कोपरा असा चिमटीत धरा की बाजूची शिवण आणि बुडाची दुमड एकमेकींवर येतील आणि त्रिकोण तयार होईल. टोकापासून शिवणीवर २ इंच मोजा आणि तिथे शिवणीला काटकोनात रेघ मारा. रेघ बरोबर ४ इंच भरली पाहिजे. नाही भरली तर त्रिकोण वाकडा धरला आहे, पुन्हा धरा. रेघेवर दोनदा टीप घाला. पाऊण बोट सोडून टोक कापा आणि कापलेल्या कडेवर त्याच कापडाची बारीक पट्टी दुमडून शिवा.

४. वरच्या पावणेतीन इंच उघड्या कडा दोन्ही बाजूंनी आत दुमडून टीप मारा. मग पिशवीच्या पुढच्या आणि मागच्या भागाचं तोंड वेगवेगळं, आधी पाव इंच आणि नंतर सव्वा इंच आत दुमडा आणि खालच्या कडेवर टीप घाला. नेफा तयार. माप बरोबर असेल तर टीप नेमकी बाजूच्या खुणेवर येऊन टेकते.

५. २६ इंचांच्या दोन नाड्या घ्या. एक डावीकडून ओवून दोन्ही नेफ्यांतून फिरवून डावीकडेच बाहेर काढा, दुसरी उजवीकडून. टोकांना गाठी मारा. दोन्ही बाजूंनी ओढलं की तोंड समान आवळतं.

मार्च ते मे आपल्याकडची हवा फार कोरडी असते. पारा चाळिशी ओलांडतो आणि एकेरी मांजरपाटातला पाव दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. त्यासाठी याच मापाची, अर्धा इंच अरुंद आणि नेफा नसलेली आतली पिशवी धोतराची शिवा आणि आत नुसती सोडा, शिवून जोडू नका. सुटी असली की ती रोज झटकता येते, वेगळी धुता येते आणि पावसाळ्यात काढूनही ठेवता येते.

दुसरी: कडक भाकरीची पिशवी

ही शिवताना मी सगळ्यात जास्त चुकले.

कडक भाकरी म्हणजे ज्वारीची, बोटाने दाबली तर कळेल इतकी पातळ थापलेली, तव्यावर भाजून मग मंद धगीला धरून पापडासारखी कडकडीत केलेली भाकरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्या भागातल्या मालदांडी जातीच्या ज्वारीची भाकरी अशी कडक केली की नीट राहिल्यास कित्येक आठवडे टिकते. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याला, म्हणजे यात्रेला, आलेला पाहुणा परतताना शेंगाचटणीबरोबर हीच घेऊन जातो. तिला दोनच शत्रू, दमट हवा आणि धक्का. पावासारखी उभी, अरुंद तोंडाची पिशवी तिला शिवली तर भाकरी घालतानाच तिचे तुकडे होतात. तिला ढोलीसारखी, गोल बुडाची, तोंड पूर्ण उघडणारी पिशवी हवी, म्हणजे हात आडवा आत जातो आणि भाकरी तळहातावर उचलून निघते.

भाकरी १० इंचांची आणि चवड ४ इंच उंच धरून मापं देते. तयार बूड ११ इंच व्यासाचं, म्हणजे शिलाईसह १२ इंचांचं वर्तुळ कापा. एवढं ताट घरात असेल तर उत्तम, नसेल तर दोरीच्या एका टोकाला खडू बांधा, दुसरं टोक मधे टाचा आणि ६ इंचांवर फिरवा. बुडाचा घेर साडेचौतीस इंच होतो. आटलेल्या पन्ह्यात इतकी लांब पट्टी बसत नाही, म्हणून भिंत दोन तुकड्यांत करा, प्रत्येक तुकडा सव्वाअठरा इंच रुंद आणि साडेबारा इंच उंच. उंचीत बुडाच्या शिलाईचा अर्धा इंच, नेफ्याचा दीड इंच, चवडीचे ४ आणि वरून झाकायला साडेसहा इंच आले. झाकायला एवढे लागतातच, कारण नाडी ओढली की कापडाला कडेपासून मधोमध पोचायचं असतं.

सगळे तुकडे दोन-दोन कापा. बाहेरचे दोसुतीचे, आतले धोतराचे. दोन्ही पदर एकमेकांवर ठेवून कडेने कच्चे टाके घाला आणि पुढे ते एकच कापड समजून शिवा. दाट दोन पदर ओलावा पूर्ण अडवत नाहीत, पण आत यायला उशीर लावतात. आपल्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तेवढं पुरतं.

भिंतीचे दोन तुकडे सुलट बाजू समोरासमोर ठेवून दोन्ही कडा अर्ध्या इंचावर जोडा. इथेही वरचे पावणेतीन इंच सोडा. चार पदरांत दुहेरी शिवण फार जाड होते, म्हणून कडांना इंटरलॉक करून घ्या किंवा पट्टी लावा.

आता बूड जोडायचं. इथे घाई केलीत तर चुण्या पडणारच. बुडाचं वर्तुळ दोनदा दुमडून चार खुणा करा. भिंतीच्या खालच्या घेरावरही चार खुणा करा, दोन तर शिवणींवरच येतात. भिंतीच्या कडेला इंचा-इंचावर पाव इंच खोल काप द्या, म्हणजे सरळ कापड गोलाईला वळतं. चार खुणा चार खुणांना टाचा, मग मधल्या जागा टाचा. मशीनवर बूड खाली आणि कापलेली भिंत वर ठेवा. अर्ध्या इंचावर हळूहळू शिवत जा, चार-पाच इंच झाले की सुई कापडात ठेवून दाबपट्टी उचला, कापड थोडं फिरवा, पुन्हा शिवा. वर्तुळ पूर्ण झाल्यावर सुलट करून पाहा. एखादी चुणी दिसली तर तेवढीच दोन इंच शिवण उसवून नीट करा.

आतल्या कडेला ३७ इंच लांब आणि दीड इंच रुंद उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या धाग्यावर कापलेली, पट्टी लावा. पट्टी उरेबच हवी. सरळ कापलेली पट्टी गोलाईवर ताणली जाते आणि बूड वाटीसारखं वर उचललं जातं. तसं झालं की मधल्या भाकरीवर भार येतो आणि तीच आधी तडकते. नेफा आधीसारखाच, नाड्या दोन, प्रत्येकी ४३ इंच.

पावसाळ्याबद्दल स्पष्ट सांगते. जुलै-ऑगस्टच्या झडीत नुसत्या कापडी पिशवीत कडक भाकरी कडक राहत नाही, कितीही पदर लावा. त्या दिवसांत पिशवी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. मग पिशवीचा उपयोग काय असं वाटेल. डबा उघडला की दमट हवा आत शिरते, ती आधी कापडाला भेटते. चवड डब्याच्या पत्र्याला घासत नाही आणि पिशवीसकट उचलली की सगळ्यात खालची भाकरीही अखंड निघते. तरीही वातड झालीच, तर मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर ठेवा आणि पूर्ण गार झाल्यावरच परत आत घाला.

तिसरी: गरम भाकरीची

तव्यावरून उतरवलेल्या भाकऱ्या डब्यात रचल्या की वाफेचं पाणी होतं आणि खालची भाकरी चिकट होते. इथे सोलापुरी टॉवेलचं कापड कामाला येतं. त्याचे उभे फासे वाफ पटकन पितात. पण ते आतून उघडं लावू नका, तंतू भाकरीला चिकटतात आणि फाशांत पीठ बसतं. ते दोन पदरांच्या मधे ठेवायचं.

आतलं धोतर आणि बाहेरचा मांजरपाट १२ बाय २८ इंच कापा, टॉवेल ११ बाय २७. धोतर आणि मांजरपाट सुलट बाजू समोरासमोर ठेवा, धोतराच्या उलट बाजूवर टॉवेल मधोमध टाचा आणि सगळीकडून अर्ध्या इंचावर शिवा. टॉवेल शिवणीच्या आत राहतो, म्हणून कडा जाड होत नाहीत. एका आखूड बाजूला ५ इंच उघडं सोडा, त्यातून सुलट करा आणि तोंड हाताने शिवून बंद करा. टॉवेल आत गोळा होऊ नये म्हणून तीन आडव्या टिपा घाला. मग एका टोकाने ११ इंच वर दुमडा, दोन्ही बाजू १६ नंबरच्या सुईने शिवा. कोपऱ्यांवर पाय न मारता हाताने चाक फिरवा, नाहीतर सुई मोडते. वरचे ५ इंच झाकण म्हणून उरतात. नऊ इंचांच्या पाच-सहा भाकऱ्या यात दुपारच्या जेवणापर्यंत मऊ राहतात. पोळ्यांनाही हीच चालते.

वापरताना

पाव भट्टीतून काढल्यावर जाळीवर ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या, दोन ते तीन तास. वरून गार लागला तरी आत ऊब असते, तेव्हा तळाला हात लावून पाहा. कापलेला पाव कापलेली बाजू खाली करून ठेवा.

फ्रिजमध्ये पाव ठेवू नका. पाव शिळा होतो तो नुसता वाळून नाही, शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट बसू लागतो म्हणून, आणि फ्रिजच्या थंडाव्यात ही क्रिया सगळ्यात जलद होते. दोन-तीन दिवसांत संपेल एवढाच भाजा. जास्त झाला तर काप करून बर्फाच्या कप्प्यात ठेवा, पण ते हवाबंद पिशवीत. तिथे कापडाचं काम नाही.

कडक उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पाव कापल्यावर मध्यभाग चिकट लागला, तोडताना बारीक तार सुटली आणि फार पिकलेल्या खरबुजासारखा गोडसर वास आला, तर ती बुरशी नव्हे. तो एका जिवाणूचा प्रताप आहे आणि उष्ण, दमट हवेत तो जोर धरतो. तो पाव टाकून द्या. पिशवी उकळली तरी या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत, म्हणून ती पावाला परत वापरू नका. लसूण-कांदे ठेवायला ती चांगली. साधी बुरशी लागली असेल तर मात्र पिशवी उकळून, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून वापरता येते.

कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी पिशव्या कधीही ठेवू नका. माझी एक नवी पिशवी आठवडाभर साड्यांच्या कपाटात राहिली होती. तीत ठेवलेल्या पावाला तो वास असा लागला की मुलांनी घास तोंडातून काढला. दोनदा धुऊनही वास गेला नाही.

धुणं आणि डागडुजी

पिशवी रोज उलटी करून झटका. आठवड्यातून एकदा बिनवासाच्या साबणाने धुवा. कपडे मऊ करणारी औषधं नकोत, त्यांचा थर सुतावर बसतो आणि सूत पाणी प्यायचं थांबतं. बोअरच्या जड पाण्याने कापड राठ होतं, तेव्हा शेवटच्या खळबळण्यात दोन चमचे व्हिनेगर घाला. वाळवताना पिशवी उलटी करून, कोपरे बाहेर काढून दोरीवर टाका. बुडाची शिवण सगळ्यात शेवटी वाळते, तिथे गालाला लावून पाहा. गार लागली तर अजून ओल आहे.

सगळ्यात आधी झिजते ती नाडी, मग नेफ्याची बाजू. नाडी बदलताना जुनीच्या टोकाला नवी दोन टाक्यांनी जोडून ओढून घ्या, सेफ्टी पिन शोधावी लागत नाही. बूड विरलं तर त्यावर बाहेरून नवं वर्तुळ शिवा, भिंत अजून दोन-तीन वर्षं चालते.

आणि पिशवीवर खूण जरूर करा. एकदा घाईत कुणीतरी ओलसर पाव कडक भाकरीच्या पिशवीत घातला आणि अख्खी चवड वातड झाली. त्या दिवशी सासूबाई लाल दोरा घेऊन बसल्या. त्यांना लिहिता येत नाही. त्यांनी कडक भाकरीच्या पिशवीवर साखळी टाक्याने ज्वारीचं कणीस काढलं, पावाच्या पिशवीवर चौकोन, आणि तिसरीवर चुलीचे तीन दगड. आता घरात कुणाला विचारावं लागत नाही.